हॅलिफॅक्स (नोव्हा स्कोशिया, कॅनडा): आईवडिलांना कमी खर्चात शहर कसे दाखवावे?

नवी_किनारकर

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा ऑगस्टमध्ये साताऱ्याहून हॅलिफॅक्सला येत आहेत. मी येथे विद्यापीठात शिकते. माझ्याकडे गाडी नाही आणि विमानाच्या तिकिटांवरच बराच खर्च झाल्यामुळे रोजच्या फिरण्यासाठी फार पैसे उरणार नाहीत. सहल कंपन्यांचे दर पाहिले, तर तिघांचा एका दिवसाचा खर्च माझ्या महिन्याच्या किराण्याच्या आसपास जातो. बाबांना इतिहासाची आणि गडकोटांची आवड आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर ते आरामात चालतात, चढ मात्र जड जातो. आईला बागा, फुले आणि पाणी आवडते. काही ओळखीचे लोक सांगतात की हॅलिफॅक्स दोन दिवसांत संपते, त्यामुळे सरळ टोरांटो आणि नायगाराला घेऊन जा. मला ते पटत नाही आणि परवडतही नाही. येथे पैसे कुठे खर्च करावेत, कुठे करू नयेत आणि बसने काय काय गाठता येईल, हे अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावे.

डार्टमथकर

स्वागत आहे. सुरुवात फेरीबोटीपासून करा, असे माझे ठाम मत आहे. हॅलिफॅक्स आणि डार्टमथ यांच्यामधून बंदराचे पाणी जाते आणि ते ओलांडणारी फेरी १७५२ पासून सुरू आहे. उत्तर अमेरिकेतील खाऱ्या पाण्यावरची ती सर्वांत जुनी फेरीसेवा मानली जाते. आज ती शहराच्या बससेवेचाच भाग आहे, म्हणजे बसचे तिकीट तिथे चालते आणि बसमध्ये भाडे भरताना घेतलेला ट्रान्स्फर (पुढच्या प्रवासासाठी चालणारी चिठ्ठी) दाखवून तुम्ही बोटीत बसू शकता. खासगी बोटींच्या बंदर-सफरी धक्क्यावर उभ्या असतात आणि त्यांचे माहितीपर निवेदन चांगले असते हे मान्य, पण तिघांनी तेवढे पैसे मोजण्याआधी ही फेरी एकदा करून पाहा. वरच्या डेकवर बसलात की एका बाजूला मॅकडोनाल्ड पूल आणि नौदलाची गोदी, दुसऱ्या बाजूला जॉर्जेस बेट आणि त्यापलीकडे खुला समुद्र, असा सगळा पट दिसतो. कंटेनर घेऊन येणारे अजस्र जहाज आणि त्याच्या पुढेमागे धावणाऱ्या टग बोटी नेमक्या त्या वेळी आल्या, तर बाबा बोटीतून उतरायला तयार होणार नाहीत.

संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या थोडे आधी डार्टमथला जा आणि अंधार पडल्यावर परत या. हॅलिफॅक्सच्या इमारतींचे दिवे पाण्यात उतरलेले पाहायचे, तर ते डार्टमथच्या काठावरूनच पाहायला हवेत. आल्डर्नी धक्क्यावरून उतरून सपाट रस्त्याने थोडे चालले की सलिव्हन्स पाँड नावाचे तळे लागते. तिथे बदके आणि बसायला बाके आहेत. त्याच्या पुढे बॅनूक सरोवर आहे आणि उन्हाळ्यात तिथे वल्हवणाऱ्या मुलामुलींचा सराव चालू असतो. आईंना हे आवडेल. या सगळ्याचा खर्च म्हणजे माणशी बसची दोन तिकिटे.

आणखी एक. मॅकडोनाल्ड पुलावर पादचाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका आहे. पूल १९५५ सालचा आहे. त्याला थोडा चढ आहे, त्यामुळे बाबांना संपूर्ण पूल चालायला लावू नका, पण तुम्ही आणि आई जाऊन या. वाऱ्यासाठी कानटोपी हवी, ऑगस्ट असला तरी.

गडवाट

बाबा साताऱ्याचे आहेत म्हटल्यावर सिटाडेलबद्दल मला लिहिलेच पाहिजे. शहराच्या मधोमध टेकडीवर जो किल्ला दिसतो त्याचे अधिकृत नाव फोर्ट जॉर्ज. १७४९ मध्ये ब्रिटिशांनी हे शहर वसवले तेव्हापासून या टेकडीवर एकामागून एक किल्ले झाले. आज उभा असलेला चौथा आहे आणि तो १८५६ मध्ये पूर्ण झाला. अजिंक्यतारा पाहत वाढलेल्या माणसाला येथे पहिला प्रश्न पडतो तो असा की किल्ला कुठे आहे. खालून पाहिले तर गवताचा उतार आणि त्यावर एक झेंडा, एवढेच दिसते. वर जाऊन खंदकाच्या अगदी कडेला उभे राहिल्यावर पायाखाली एकदम खोल दगडी दरी उघडते आणि समोर खालपासून वरपर्यंत चिरेबंदी तट दिसतो. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे संरक्षण कडा करतो. येथे टेकडी लहान, म्हणून तट जमिनीत उतरवला आहे आणि बाहेरचा उतार असा आखला आहे की चढून येणारा शत्रू तोफांच्या माऱ्यात राहावा, पण त्याच्या तोफगोळ्याला मात्र तट सापडू नये. किल्ल्याचा आकार तारेसारखा आहे, तोही त्याच हिशेबाने. या किल्ल्यावर कधीही हल्ला झाला नाही. बाबांना हे सगळे प्रत्यक्ष दाखवा. माहितीफलकांपेक्षा खंदकाच्या कडेने मारलेली एक फेरी अधिक शिकवून जाते.

आता पैशांचे. टेकडीवर जाणे आणि बाहेरून फिरणे यांना काहीही लागत नाही. आत जाण्याचे शुल्क पार्क्स कॅनडा ही केंद्र सरकारची संस्था घेते. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते नसते. २०२५ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय उद्याने आणि अशा ऐतिहासिक स्थळांचा प्रवेश सर्वांसाठी विनामूल्य ठेवला होता, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची योजना पाहून घ्या. शुल्क भरावे लागले तरी ते भरा, कारण आत अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीच्या वेशातले जवान कवायत करतात आणि दुपारी बरोबर बारा वाजता तोफ डागतात. नाताळचा एक दिवस सोडला तर ही तोफ वर्षभर रोज उडते. पावणेबाराला आत असाल, असा बेत करा.

गुडघ्यांसाठी सूचना: घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या पायऱ्यांनी वर जाऊ नका. त्या सरळ आणि उंच आहेत. गाड्यांचा रस्ता वळसा घेऊन वर जातो. त्या रस्त्याने चढताना टॅक्सी घ्या आणि उतरताना चालत या. घड्याळाचा मनोरा मग खाली आल्यावर निवांत पाहा. तो १८०३ चा आहे आणि राणी व्हिक्टोरियाचे वडील प्रिन्स एडवर्ड यांनी करवून घेतला, कारण पलटणीतल्या लोकांचे उशिरा येणे त्यांना खपत नसे.

नवी_किनारकर

मनापासून आभार. खंदकाचे वर्णन वाचून मलाच जावेसे वाटले. रोज त्या टेकडीखालून बसने जाते, पण वर कधी गेले नव्हते. टायटॅनिकशी संबंधित दफनभूमी येथे आहे असे ऐकले आहे. आईबाबांना दफनभूमीत नेणे योग्य वाटेल का, याबद्दल मी जरा साशंक आहे.

उत्तरबंदर

अवश्य न्या. मात्र आधी हॅलिफॅक्सचा स्फोट समजावून सांगा आणि शहराचा उत्तर भाग दाखवा, मग दफनभूमी. येथे येणारे बहुतेक पाहुणे टायटॅनिकबद्दल विचारतात आणि स्फोटाबद्दल त्यांना काही माहीत नसते, याचे मला वाईट वाटते, कारण टायटॅनिकचे प्रवासी या शहरात आले ते मृत्यूनंतर आणि स्फोट मात्र या शहराच्या अंगावर झाला.

६ डिसेंबर १९१७. पहिले महायुद्ध चालू होते आणि युरोपकडे जाणारे जहाजांचे तांडे या बंदरात जमत. बंदराच्या अरुंद भागात, ज्याला येथे नॅरोज म्हणतात, दारूगोळ्याने भरलेले माँ ब्लाँ हे फ्रेंच जहाज आणि इमो हे नॉर्वेचे जहाज एकमेकांवर आदळले. माँ ब्लाँला आग लागली आणि ते जळत जळत हॅलिफॅक्सच्या धक्क्याकडे सरकले. सकाळची शाळा-कामाची वेळ होती. आग पाहायला लोक खिडक्यांत आले होते. नऊ वाजून गेल्यावर काही मिनिटांत ते जहाज उडाले. सुमारे १,८०० माणसे मेली, ९,००० च्या आसपास जखमी झाली आणि खिडकीशी उभ्या असलेल्या कितीतरी जणांचे डोळे काचांनी गेले. जहाजाच्या नांगराचा अर्ध्या टनाहून जड तुकडा जवळपास चार किलोमीटर दूर जाऊन पडला. तो आजही तिथेच ठेवलेला आहे. रेल्वेचे तारबाबू व्हिन्सेंट कोलमन सुटकेची संधी असताना परत फिरले आणि येणारी गाडी थांबवण्यासाठी त्यांनी तार पाठवली. ते त्यांचे शेवटचे काम ठरले.

हे सगळे पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. उत्तर भागाकडे जाणाऱ्या बसने फोर्ट नीडहॅम उद्यानात उतरा. तिथे घंटांचा स्मारक-मनोरा आहे. त्याच्या मधल्या फटीतून जिथे स्फोट झाला त्या पाण्याकडे नजर जावी, अशी त्याची रचना केलेली आहे. उद्यानात थोडा चढ आहे, पण सावकाश चढता येतो. तिथून जवळच हायड्रोस्टोन ही वस्ती आहे. स्फोटात बेघर झालेल्यांसाठी थॉमस ॲडम्स यांनी ती आखली. काँक्रीटच्या ठोकळ्यांची एकसारखी घरे आणि दोन रांगांच्या मध्ये रुंद हिरवळीचे पट्टे, अशी तिची मांडणी आहे. मोठ्या संकटानंतर घाईने बांधलेली वस्ती इतकी माणुसकीने आखता येते, हे तुमच्या वडिलांना नक्की भावेल. हिरवळीवर बसून घरून आणलेले डबे खा. कोणीही हरकत घेत नाही.

त्यानंतर फेअरव्ह्यू लॉन दफनभूमी. टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ रोजी बुडाल्यावर मॅके-बेनेट हे समुद्री तारा टाकणारे जहाज हॅलिफॅक्सहून मृतदेह आणायला गेले. एकूण १५० जणांना या शहरातल्या तीन दफनभूमींत पुरले, त्यांतले १२१ येथे आहेत. करड्या दगडांच्या रांगा किंचित वळत जातात. प्रत्येक दगडावर मृत्यूची तीच तारीख आहे आणि एक क्रमांक आहे. मृतदेह ज्या क्रमाने पाण्यातून काढला, तो हा क्रमांक. अनेक दगडांवर फक्त तारीख आणि क्रमांक आहेत, नाव नाही. एका लहान मुलाचा दगड मॅके-बेनेटच्या खलाशांनी स्वतःच्या पैशांतून उभारला आणि त्यावर 'अज्ञात बालक' असे कोरले. डीएनए तपासणीतून तो सिडनी गुडविन असल्याचे २००७ मध्ये निश्चित झाले; वय अवघे १९ महिने. लोक तिथे खेळणी ठेवून जातात. त्याचे इवलेसे बूट सागरी संग्रहालयात आहेत. आईबाबांना अवघडल्यासारखे वाटणार नाही, कारण जागा शांत, मोकळी आणि नीट राखलेली आहे. फक्त तिथे मोठ्याने बोलू नये आणि दगडांना टेकून छायाचित्रे काढू नयेत.

डार्टमथकर

उत्तरबंदर यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो: स्फोटानंतर बॉस्टनहून जी मदत आली तिची आठवण म्हणून १९७१ पासून नोव्हा स्कोशिया दर वर्षी बॉस्टनला नाताळचे झाड पाठवते.

गडवाट

सागरी संग्रहालयाचा उल्लेख आला म्हणून सांगतो की तिकीट काढण्यासारखी दुसरी जागा तीच आहे. शुल्क मध्यम आहे. स्फोट आणि टायटॅनिक या दोन्हींची दालने एकाच तिकिटात होतात आणि बाहेर धक्क्याला अकेडिया हे १९१३ चे सर्वेक्षण-जहाज बांधलेले आहे, ज्याने स्फोट सोसला आणि अजून तरंगते आहे. ज्या दिवशी उत्तर भाग पाहाल त्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जा, म्हणजे पाहिलेल्या जागा दालनांत ओळखू येतील.

नवी_किनारकर

पेगीज कोव्ह या दीपस्तंभाच्या कोळीगावाचे काय करावे? सर्वजण म्हणतात की ते पाहिल्याशिवाय परत जाऊ नये, पण तिथे शहराची बस जात नाही.

प्रवासवही

सहल कंपनीच्या बसचे तिकीट काढा आणि मोकळ्या व्हा, असे माझे म्हणणे आहे. परदेशातील रस्त्यांवर वडीलधाऱ्यांना घेऊन भाड्याची गाडी चालवण्याचा ताण कशाला? अंतर सुमारे ४३ किलोमीटर आहे. अर्ध्या दिवसात सगळे होते.

उत्तरबंदर

येथे मी असहमत आहे. माणूस एकटा असेल तर सहलीची बस ठीक, पण माणसे तीन आहेत आणि गाडी चालवणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण बरोबर आली, तर भाड्याच्या एका गाडीचा एका दिवसाचा खर्च चौघांत विभागून स्वस्त पडतो. पेगीज कोव्हला प्रवेशशुल्क नाही. शिवाय सहलीच्या बसमध्ये तिथे ठरावीक वेळच मिळतो आणि वेळ संपत आला की बाबांना घाई करावी लागेल. स्वतःची गाडी असेल तर सकाळी लवकर पोहोचा. १९१५ चा पांढरा दीपस्तंभ, त्याखालचा पसरट ग्रॅनाइट, कोळ्यांच्या बोटी आणि लाकडी धक्के, हे सर्व गर्दी येण्याआधी पाहून घ्या. मग तशाच किनाऱ्याच्या रस्त्याने महोन बेवरून लुननबर्गला जा. १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या रंगीत लाकडी घरांच्या गल्ल्या पायी हिंडण्यासारख्या आहेत, फक्त त्यांना उतार आहे, तेव्हा गाडी बंदराजवळ लावा. एका गाडीत दोन जागा होतात. संपूर्ण मुक्कामात मोठा म्हणावा असा खर्च हाच करा.

एक अत्यंत गंभीर सूचना. पेगीज कोव्हच्या खडकांपैकी जे काळे, ओले दिसतात त्यांच्यावर पाय ठेवू नका. समुद्र शांत दिसत असतानाही अचानक मोठी लाट येते. तिथे माणसे वाहून गेलेली आहेत. २०२१ पासून दीपस्तंभाजवळ सपाट निरीक्षण-मंच आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिथून सगळे उत्तम दिसते.

प्रवासवही

चौथा माणूस बरोबर असेल, तर हे गणित मान्य आहे. लुननबर्गचा विचार मी केला नव्हता.

फुलोरा

आईंसाठी लिहिते. पब्लिक गार्डन्स ही १८६७ ची व्हिक्टोरियन धाटणीची बाग शहराच्या मध्यात आहे आणि विनामूल्य आहे. आखीव ताटवे, कारंजी, तळी आणि मधोमध १८८७ सालचा वाद्यमंडप आहे. उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिथे वाद्यवृंद वाजतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात डेलियाचे वाफे असे भरतात की एकेका फुलासमोर उभे राहावेसे वाटते. सगळ्या वाटा सपाट आहेत आणि बाके भरपूर. आईंना येथे एकदाच आणून भागणार नाही, कारण सकाळच्या उन्हात बाग वेगळी दिसते.

पॉइंट प्लेझंट पार्क हे हॅलिफॅक्स ज्या द्वीपकल्पावर वसले आहे त्याच्या दक्षिण टोकाचे जंगल. शहराने ते ब्रिटिश सरकारकडून १८६६ मध्ये वर्षाला एक शिलिंग भाड्याने ९९९ वर्षांसाठी घेतले. २००३ च्या हुआन वादळात तेथील हजारो झाडे कोसळली, त्यामुळे आज दिसते ते बरेचसे रान तरुण आहे. किनाऱ्याची वाट रुंद आहे आणि तिच्यावरून खुल्या समुद्रात जाणारी जहाजे दिसतात. आतल्या भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला गोल दगडी बुरूज आहे. बाबांची सोय झाली.

पाऊस किंवा धुके असेल त्या दिवशी मध्यवर्ती ग्रंथालयात जा. २०१४ मध्ये उघडलेली ही काचेची इमारत एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या पुस्तकांसारखी दिसते. पाचव्या मजल्यावर उपाहारगृह आणि गच्ची आहे, जिथून बंदर दिसते. उद्वाहक आहे, स्वच्छतागृहे चांगली आहेत आणि दिवसभर बसले तरी कोणी विचारत नाही. वडीलधाऱ्यांना घेऊन शहरात हिंडताना या गोष्टी किती महत्त्वाच्या असतात, हे हिंडल्यावर कळते. नोव्हा स्कोशिया कलादालनात गुरुवारी संध्याकाळी विनामूल्य प्रवेश असतो (जाण्याआधी त्यांचे वेळापत्रक पाहावे). तिथे मॉड लुईस या लोकचित्रकार बाईंचे संपूर्ण घर आणून ठेवले आहे. भिंती, दारे, जिना, चूल, डबे, जिथे ब्रश पोहोचला तिथे त्यांनी फुले आणि पक्षी रंगवले. त्या अत्यंत गरिबीत राहिल्या आणि हाताच्या आजारामुळे त्यांची बोटे वळत नसत. तुमची आई रांगोळी काढत असेल, तर या घरासमोरून तिला हलवणे कठीण जाईल.

डार्टमथकर

एक व्यवहारी गोष्ट राहिली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मोठी क्रूझ जहाजे येतात आणि त्यांचे वेळापत्रक बंदर प्राधिकरण आधीच प्रसिद्ध करते. दोन-तीन जहाजे धक्क्याला लागलेली असतील, त्या दिवशी साधारण दहा ते तीन या वेळात बंदरकाठचा लाकडी पदपथ, सिटाडेल आणि पेगीज कोव्ह येथे उभे राहायला जागा नसते. तो दिवस उत्तर भागासाठी, डार्टमथच्या सरोवरांसाठी किंवा पॉइंट प्लेझंटसाठी ठेवा आणि पदपथावर संध्याकाळी या. सुमारे चार किलोमीटरचा तो पदपथ पूर्ण सपाट आहे, आणि संध्याकाळी तिथे नुसते बसणे हाच माझ्या मते या शहरातला सर्वांत चांगला विरंगुळा आहे.

विमानतळावरून ३२० क्रमांकाची बस थेट शहरात येते. तिचे भाडे नेहमीच्या बसपेक्षा थोडे अधिक, पण टॅक्सीपेक्षा फारच कमी आहे. तुमची खोली लहान असेल, तर उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहे पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात, त्यांची चौकशी लवकर करा. दुकानात किंवा उपाहारगृहात लिहिलेल्या किमतीवर १४ टक्के कर वेगळा लागतो, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. शनिवारी सकाळी सीपोर्टचा शेतकरी बाजार भरतो. त्याची परंपरा १७५० पासूनची आहे. जवळच्या शेतांतला भाजीपाला पाहायला आईला आवडेल, आणि ऑगस्टमध्ये ब्लूबेरी मुबलक असतात.

नवी_किनारकर

सगळे लिहून घेतले आहे. माझी एक वर्गमैत्रीण गाडी चालवायला तयार झाली आहे, त्यामुळे पेगीज कोव्ह आणि लुननबर्ग एकाच दिवसात करणार. शेवटचा प्रश्न: आम्ही राहतो तिथून डिंगल टॉवरकडे बस जाते. मनोऱ्यावर चढता येत नसेल, तरी तिथे नेण्यात अर्थ आहे का?

गडवाट

नक्की आहे. मनोरा १९१२ चा आहे आणि आतल्या पायऱ्या बाबांनी चढू नयेत. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन ब्राँझचे सिंह आहेत आणि समोर नॉर्थवेस्ट आर्म या खाडीचे पाणी आहे, ज्यावर शिडाच्या होड्या फिरत असतात. ही जागा शहराला देणारे सँडफर्ड फ्लेमिंग म्हणजे जगासाठी प्रमाणवेळेची योजना मांडणारे अभियंते. भारतात साडेआठ तास पुढे असलेल्या नातेवाइकांना बाबा तिथून फोन लावतील, तेव्हा त्यांना ते सांगा. बस तासाला किती वेळा येते हे आधी पाहून निघा, कारण रविवारी फेऱ्या कमी असतात, आणि पाण्याच्या बाटल्या व स्वेटर बरोबर ठेवा.